हलण्याआधीची जागा

ईरा आणि नील, मागच्या रविवारी तुम्ही कॉम्प्युटरवर माझ्याशी बोलत होतात, तेव्हा नीलचं लक्ष माझ्या मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे गेलं आणि त्यानं इंग्रजीत विचारलं, "आजी, त्या बाईंच्या गळ्यात शिट्टी का आहे?" मी म्हटलं, "त्या तुझ्या आजोबांच्या मोठ्या बहीण." तेवढ्यात तुमचा कुत्रा खुर्चीवर चढला, कॅमेरा हलला आणि विषय तिथेच राहिला. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. प्रश्न शिट्टीचा होता आणि मी उत्तर नात्याचं दिलं. सगळ्या गोष्टी जागच्या जागी असाव्यात अशी माझी जन्माची सवय. अर्धवट दिलेलं उत्तर मला उघड्या राहिलेल्या कपाटासारखं दिसत राहतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. बाबा तुम्हांला वाचून दाखवेल. ईरा, यात तू आहेस, पण तुला यातलं काहीही आठवणार नाही. ज्यांना सगळं आठवत होतं त्या मागच्या दिवाळीनंतर गेल्या. आता आठवणारी मीच उरले, आणि माझाही काही भरवसा नाही.

मी त्यांना वन्सं म्हणायची. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे तसंच म्हणतात. तर वन्संइतकं हलणारं माणूस अख्ख्या भाईंदर पूर्वेत दुसरं नव्हतं, आणि हलण्याआधी इतका वेळ घेणारंही नव्हतं. गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर "रांगेत उभं राहायला वेळ नव्हता" म्हणायच्या. रिटायर झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या एक ट्रंक, दोन जोड कॅनव्हासचे पांढरे बूट आणि ती शिट्टी घेऊन. बूट त्या लग्नाकार्यातही घालायच्या, जरीच्या साडीखाली. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, खाली दुकानं, त्यापुढे रिक्षांचा गोंगाट. पण सकाळी वन्संनी गॅलरीत उभं राहून हात वर-खाली करायला सुरुवात केली की समोरच्या इमारतीतले दोन-तीन लठ्ठ शेटजी नकळत आपापल्या गॅलरीत हात हलवायला लागायचे. तुमचे आजोबा तेवढे पेपरामागे लपायचे. "ताई, मी रिटायर झालोय," ते म्हणायचे. त्यावर वन्संचं उत्तर ठरलेलं : "नोकरीतून झालायस. कमरेतून नाही."

त्यांच्या बोलण्यात एक गंमत होती, आणि ती कळायला मला संसाराची निम्मी वर्षं लागली. त्यांना वस्तूंची नावं घ्यायचा मनस्वी कंटाळा. "ते मिटव" म्हणजे छत्री. "ते ढवळ" म्हणजे गॅसवरची आमटी. "ते खाली आपटू नकोस" म्हणजे दार, कारण आमच्या घरात आपटण्यासारखं दुसरं काही नव्हतं. घरात हे चालून जायचं, बाजारात पंचाईत. एकदा भाजीवाल्याला त्या म्हणाल्या, "भैया, वो दो, काट के ऊपर से डालने का." भाजीवाला बराच वेळ टोपल्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चाची, सब कुछ काट के ऊपर से ही डलता है." शेवटी वन्संनी डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटांनी असं काही भुरभुरून दाखवलं की त्यानं बरोबर कोथिंबिरीची जुडी काढून दिली. घरी येऊन मला म्हणाल्या, "बघ सुमन, नाव कळलं नाही, पण हात कळला. आधी हातच कळतो माणसाला."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. कारण मी नावांची बाई. फोर्टातल्या एका ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, अगदी मीठ असं लिहिलेल्या डब्यात मीठच असतं. ईरा, तुझा जन्म झाला तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवलं, की या मुलीला शब्द द्यायचे, भरपूर द्यायचे, आणि नीट लावून द्यायचे. मी पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि फ्रिज, दार, खुर्ची, आरसा, खिडकी अशा सगळ्यांवर चिकटवले. वर मराठी, खाली इंग्रजी. तू तेव्हा धड मानही धरत नव्हतीस. तुझी आई बिचारी बाळंतपणातून उठलेली. तिनं ती पाटी लावलेली आंघोळीची बादली बघितली आणि पाटीसकट नळाखाली सरकवली.

वन्सं मात्र कंबरेवर हात ठेवून फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. "हा काय करतो?"

"थंड करतो, वन्सं."

"ते आत. पोरीला दिसेल असं काय करतो?"

"उभा असतो."

"मग त्याचं एवढं काय कौतुक?" असं म्हणून त्यांनी तुला उचललं आणि पंख्याखाली नेऊन निजवलं. पंखा फिरत होता. तू त्याच्याकडे डोळे विस्फारून बघायला लागलीस. वन्संनी बटण बंद केलं. पाती हळूहळू थांबली, तसे तुझे डोळे सुटले आणि भलतीकडेच गेले. पुन्हा चालू, पुन्हा डोळे वर. दुपारभर हा खेळ चालला. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "सुमन, हिच्यासाठी घरात अजून वस्तूच नाहीत. नुसतं हलणं आहे. पडदा नाही, फडफड आहे. तू नाहीस, तुझं येणं-जाणं आहे." मला थोडा राग आला, कारण ते मला पटलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कवायत सुरू झाली. इथे मला थोडं समजावून सांगायला हवं. कवायतीत हुकमाचे दोन भाग असतात. पहिला भाग सावध करतो, दुसरा हलवतो. "पुढे..." म्हटलं की सगळ्या मुली कान टवकारतात, आणि "चल!" म्हटलं की पाय उचलतात. या दोहोंच्या मधे एक मोकळी जागा असते. वन्संचं म्हणणं, सगळी विद्या त्या जागेत आहे. जी बाई ती जागा नीट ठेवते तिचा वर्ग एका पावलानं हलतो. जी घाई करते तिच्या मुली एकमेकींवर आपटतात. आणि पाळण्यातल्या मुलाला आपण ही जागा कधी देतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपण एका दमात भांडं उचलतो, ओततो, ठेवतो, पुसतो. बघणाऱ्याला त्यातलं ओतणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळावं कसं?

म्हणून वन्सं तुझ्यासमोर प्रत्येक गोष्ट हुकूम देऊन करायच्या. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या, तुझ्या डोळ्यांत बघायच्या, "आता पाणी..." म्हणायच्या, आणि तांब्या तसाच हवेत. तू श्वास रोखून बघत राहायचीस. मग "ओत!" आणि धार. चहा गाळायचा तर "आता चहा..." आणि गाळणं कपावर तसंच लटकलेलं. तोवर आजोबा दिवाणखान्यातून विचारायचे, "ताई, चहा आज मिळणार की फक्त त्याची घोषणा?" पोळी उलटताना ती जागा ठेवली की पोळी करपायची. माझ्या हाताला घाई. मी मधेच कप उचलायला गेले की वन्सं माझं मनगट धरायच्या. "थांब गं, सुमन. बघू दे तिला." मी केर काढायला लागले, "थांब गं, बघू दे तिला." खिडकी लावायला गेले, "थांब." दिवसातून किती वेळा हे मी ऐकलं असेल याला गणती नाही. तुला मात्र हा शब्द वापरायचा नाही असा त्यांचा सक्त नियम होता. तू रांगायला लागलीस, चपलांच्या रॅककडे निघालीस, तुझी आई ओरडायला तोंड उघडायची की वन्सं तिला अडवायच्या. "रांगणाऱ्या पोराला थांब म्हणायचं नाही. पुढे जन्मभर तेच ऐकायचंय तिला." आणि त्या स्वतः जाऊन चपला उचलायच्या.

जवळच्याच मुर्धा गावाहून एक कोळीण आमच्या मजल्यावर मासे घेऊन यायची. वन्सं मासे खात नव्हत्या. तरी तिची हाक आली की तुला कडेवर घेऊन पहिल्या दारात. कोळीण खवले काढायला लागली की म्हणायच्या, "जरा सावकाश. आधी सुरी वर धर, थोडी थांब, मग ओढ." दोन-चार वेळा तिनं ऐकलं. मग एक दिवस पाटी खाली ठेवून म्हणाली, "आगो बाय, ही मासली हाय, तुजी कवायत न्हाय! तवर दुसऱ्या बिल्डिंगीतली गिऱ्हाइकं सरली माजी." पण तूही तिच्याकडे असं एकटक बघत होतीस की जाताना ती स्वतःच सुरी वर धरून थांबली, तुझ्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि मग खर्रकन ओढली. तू खदखदून हसलीस. "बाय माजी," ती म्हणाली, "हिला धंद्याला बशीव माज्या बाजूला."

आता तुम्हांला चांदण्यांची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे आमच्या इमारतीत आमच्या घराबद्दल बरीच वर्षं बोललं गेलं. वन्संच्या शाळेत स्नेहसंमेलनाला अंधारातली कवायत असायची. मुलींच्या हातांत रंगीत कागद लावलेले टॉर्च. मुली दिसायच्या नाहीत, नुसते दिवे फिरायचे. "पण मला दिव्यांवरून कळायचं कुठली चुकली ते," वन्सं म्हणायच्या. "दिवा चालायला लागला की मुलगी दिसते. दिवा नुसता टांगला तर कंदील." मग त्यांना प्रश्न पडला, हे मला शिकून येतं, की पोरीलाही येत असेल? तुम्ही सांगा, साठी उलटलेल्या बाईला पडावा असा हा प्रश्न आहे का? पण एकदा प्रश्न पडला की वन्सं तो जमिनीवर राहू द्यायच्या नाहीत. त्या काळी मुलांच्या खोलीत छताला चिकटवायच्या, अंधारात चमकणाऱ्या चांदण्या मिळायच्या. स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांनी पाकीट आणलं. आजोबांचा काळा कोट आणि काळी पँट मागितली. "तो माझ्या लग्नातला कोट आहे, ताई." "मग आज त्याचा उपयोग होऊ दे."

भर दुपारी आम्ही खोलीचे पडदे ओढले, वर चादरी लावल्या. आधी वन्संनी चांदण्या काळ्या छत्रीला चिकटवून छत्री हलवली. माझ्या मांडीवर बसून तू ते थोडा वेळ पाहिलंस, जांभई दिलीस आणि माझी बांगडी चावायला घेतलीस. मग त्यांनी खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना, घोट्यांना चांदण्या लावल्या आणि भिंतीलगत चालायला सुरुवात केली. खरं सांगते, मलाच शहारा आला. अंधारात नुसते हिरवे ठिपके होते, आणि तरी ते ठिपके नव्हते. वन्सं होत्या, ताठ मानेनं, डावा पाय किंचित जोरात टाकणाऱ्या. तू बांगडी सोडलीस. ताठ बसलीस. मान वळवत वळवत ठिपके जातील तिकडे बघत राहिलीस.

नेमक्या त्याच वेळी समोरच्या जिग्नाबेन ढोकळ्याची बशी घेऊन आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या "भाभी, भाभी" करत थेट खोलीत आल्या आणि त्यांना अंधारात कोपर-गुडघे असलेलं नक्षत्र आपल्याकडे चालत येताना दिसलं. "ओ मा रे! घर में कौन है?" अंधारातून वन्संचा मैदानावरचा आवाज आला : "जागच्या जागी... थांब!" जिग्नाबेन टाचा जुळवून उभ्या राहिल्या. बशीतला एकही ढोकळा पडला नाही. पडदे उघडल्यावर त्यांनी लग्नाच्या कोटातल्या वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "भाभी, आप तो इतनी पढ़ी-लिखी हो."

त्या गेल्यावर वन्सं माझ्याकडे वळल्या. "आता तू घाल." मी नाही म्हणणार होते. पण मलाही जाणून घ्यायचं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी तो कोट घातला. पडदे पुन्हा ओढले. तुला वन्संनी जमिनीवर ठेवलं. मी एक शब्दही न बोलता, बांगड्या काढून ठेवून, नुसती चालत गेले. तू थोडा वेळ थबकलीस. मग तुझ्या रांगण्याचा तो चटचट आवाज आला, आणि माझ्या गुडघ्यावरच्या चांदणीला तुझा हात लागला. तू मला ओळखलंस, की तुला नुसती चांदणी हवी होती? वन्सं म्हणाल्या, ओळखलं. मी म्हटलं, चांदणी. यावर आम्ही वर्षानुवर्षं वाद घातला आणि मला अजून नक्की माहीत नाही. पण त्यानंतर मी कप उचलताना वन्संनी मनगट धरलं, की मी हात सोडवून घेणं बंद केलं.

तुझा पहिला वाढदिवस झाला आणि तुझ्या बाबाला परदेशातली नोकरी मिळाली. जायचं ठरलं ते पावसाळा संपल्यावर. सगळे आनंदात होते. जिग्नाबेननी खाकऱ्यांची पाकिटं आणून दिली. वन्सं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत हात वर-खाली करता करता मला म्हणाल्या, "सुमन, हिला अजून एकही कामाचा शब्द बोलता येत नाही."

हे खरं होतं, आणि माझ्यासाठी थोडं अभिमानाचंही होतं. तू बोलायला लागली होतीस. काऊ म्हणायचीस. दिवा म्हणायचीस. बॉल, बाबा, आजी, मम. सगळी माझ्या बाजूची नावं. वन्संच्या बाजूनं खातं कोरं. ओत नाही, ये नाही, दे नाही, साधं पडलं नाही. कळत होतं तुला सगळं. "ऊठ" म्हटलं की उठायचीस, "फेक" म्हटलं की फेकायचीस, आणि वन्सं "आता..." म्हणाल्या की पुढे काय होणार त्याकडे डोळे लावून बसायचीस. फक्त तोंडातून निघत नव्हतं.

"बोलेल की," मी म्हटलं. "तिकडे जाऊन बोलेल."

"तिकडे जाऊन तिकडचं बोलेल. नावांचं मला काही वाटत नाही. काऊ तिकडे नसेल तर त्याचं नाव गळेल. चमच्याला तिकडचं नाव चिकटेल. पण पहिली हालचाल तिनं आपल्या शब्दात धरली ना, तर ती हातात राहील तिच्या. एक शब्द. एकच घेऊन जाऊ दे पोरीला." आणि मग, रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत, "मला काय, कोणी आत्याआजी म्हणायला हवंय असं नाही. माझं नाव नको तिला. माझी एक हालचाल जाऊ दे बरोबर."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा सगळा उद्योग वन्संसाठी खेळ नव्हता.

पुढचे दिवस त्यांनी तुला सोडलं नाही. पाटामागून बॉल घरंगळत सोडायच्या. बॉल दिसेनासा झाला की तू पाटाच्या दुसऱ्या टोकाकडे आधीच बघत बसायचीस, जणू गाडीची वाट बघतेस. "बघ, ही हालचाल डोक्यात पुरी करते," वन्सं म्हणायच्या. एकदा त्या डब्याचं झाकण उघडायचं सोंग करत होत्या. हात घसरला, पुन्हा घसरला, मुद्दामच. त्यांनी डबा तुझ्यापुढे ठेवला. तू हात घसरवला नाहीस. तू सरळ झाकण ओढून काढलंस. वन्सं जमिनीवर बसल्याच. "मी काय केलं ते नाही हिनं पाहिलं, सुमन. मला काय करायचं होतं ते पाहिलं." मग तुझ्याकडे वाकून, "बोल राणी. उघड. काय केलंस? उघडलं. बोल ना." तू झाकण डोक्यावर ठेवलंस आणि म्हणालीस, "दिवा."

एकदा त्या तुला मिठागरांकडेही घेऊन गेल्या, रिक्षा करून. मिठागरं अजून चालू होती तेव्हा. एक माणूस लांब दांड्याच्या फावड्यानं मीठ ओढत होता. वन्संनी त्याला विनंती केली, तो बिचारा फावडं हवेत धरून थांबला, "आता मीठ..." असं वन्सं म्हणाल्या, मग तो ओढायला लागला. घरी येताना तू झोपलीस. शब्द काही निघाला नव्हता. मी मात्र त्या आठवड्यात एक गोष्ट केली. तुझ्या डोळ्यांदेखत भिंतीवरच्या पुठ्ठ्यांपैकी आरशावरचा पुठ्ठा काढला, आणि काढण्याआधी हात तसाच धरून "आता..." म्हणाले. वन्संनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मला दिसलं.

निघायची संध्याकाळ आली. खाली आवारात भाड्याची मोठी गाडी उभी होती, टपावर बॅगा बांधलेल्या. जिग्नाबेननी तुझ्या आईच्या हातावर दही घातलं. चाकांपुढे नारळ फोडला. आजोबा विनाकारण दोऱ्या तपासत होते. वन्सं फाटकाजवळ उभ्या होत्या, पांढरी साडी, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. तपासणीला साहेब येणार असल्यासारख्या ताठ. त्यांनी तुला उचलून घेतलं नाही. "घेतलं तर परत द्यावं लागेल," एवढंच म्हणाल्या. तू आईच्या मांडीवर खिडकीशी होतीस. दारं लागली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, गाडी हलली, आणि तू खिडकीतून आमच्याकडे बघितलंस. आम्ही सगळे मागे मागे जायला लागलो होतो. तुझ्या चेहऱ्यावरून कळलं की हे हलणं तुझ्या लक्षात आलंय, आणि यात मधली जागा कोणी ठेवलेली नाही.

तू हात बाहेर काढलास, पंजा उघडलास, आणि मोठ्यानं म्हणालीस, "थांब!"

ड्रायव्हरनं खटकन ब्रेक मारला. टपावरची एक पिशवी पुढे घसरली. "कोण बोल्लं?" त्यानं मागे वळून विचारलं. "काय राहिलं का वरती?"

जो शब्द तुझ्यासाठी वापरायला घरात बंदी होती, जो तुला कोणी एकदाही शिकवला नव्हता, जो वन्सं दिवसभर मला म्हणत होत्या, तो तू उचलला होतास. आणि तो चालला होता. तू म्हणालीस आणि एवढी मोठी गाडी थांबली. तुला त्याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तू वन्संकडे बघत राहिलीस, त्याच नजरेनं. तांब्या हवेत असताना बघायचीस तसं. आता पुढे काय?

वन्सं खिडकीपाशी गेल्या. त्यांचा हात गाडीच्या दारावर होता. तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं, बाबा घड्याळाकडे बघायचं टाळत होता, ड्रायव्हरनं इंजिन तसंच चालू ठेवलं होतं. मला वाटलं, आता या दार उघडतील. आयुष्यात पाहिलेली सगळ्यात लांब मोकळी जागा ती. मग वन्सं एक पाऊल मागे आल्या, टाचा जुळवल्या, आणि ज्या आवाजावर अख्खं मैदान हलायचं त्या आवाजात म्हणाल्या, "गाडी, पुढे..."

तुझे डोळे मोठे झाले.

"चल!"

गाडी चालली. तू हसलीस. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तू हसत होतीस, कारण तुला हवं तसं झालं होतं : आधी शब्द, मग जागा, मग हलणं. वन्सं तशाच उभ्या होत्या. मागून एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाल्या. जिना चढताना म्हणाल्या, "हात आधी केला पोरीनं, पाहिलंस? मग शब्द. हुकूम अगदी बरोबर दिला." दुसऱ्या मजल्यावर थोडं थांबल्या. "ती मिठाची पिशवी घसरली वाटतं टपावर." टपावर मिठाची पिशवी नव्हती, त्यांना नुसतं काहीतरी बोलायचं होतं. मी हो म्हटलं.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या चहा गाळताना गाळणं कपावर धरून थांबत. समोर बघणारं कोणी नव्हतं. आजोबांनी पुन्हा कधी चहाबद्दल विचारलं नाही, आणि मीही माझा कप उचलायची घाई केली नाही. तुम्ही दोनदा येऊन गेलात. नील तिकडेच जन्मला. त्याला वन्संनी एका सुट्टीत कडेवर घेऊन जिन्यावर कोळिणीची सुरी दाखवली, तेवढंच. ईरा, तेव्हा तू इंग्रजीच बोलायला लागली होतीस, आणि काऊ, दिवा, सगळं गळून गेलं होतं. माझी सगळी नावं. वन्सं तुला काही विचारायच्या नाहीत. नुसत्या बघत बसायच्या तुला, तू धावायचीस, उड्या मारायचीस, तसं.

नील, तर शिट्टीचं उत्तर असं आहे. त्या कवायतीच्या बाई होत्या. शिट्टी आता माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. तुम्ही याल तेव्हा तुला देईन. मिठागरांच्या बाजूला आता इमारती येताहेत. जिग्नाबेन अजून समोर राहतात. आणि त्याच रविवारी तुमचा कुत्रा खुर्चीवरून टेबलावर उडी मारायला निघाला, तेव्हा ईरानं हात पुढे केला, पंजा उघडला आणि त्याला एक शब्द सांगितला. तुमचा बाबा म्हणतो, तो कुत्रा इंग्रजीत सांगितलेलं कोणाचंच ऐकत नाही. तो लगेच थांबला.